आरसी ट्रकचे नाव कसे वाचावे आणि ट्रक कसा जपावा

वाचक विचारतात

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) ऑफ-रोड शर्यतीच्या ट्रकविषयी नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. बेसा, हिंगणा, कामठी रस्ता या भागांतील मोकळ्या ले-आउटमध्ये सुटीच्या दिवशी हे ट्रक धुरळा उडवत धावताना दिसतात आणि पत्रांतल्या तक्रारीही तिथल्याच आहेत. कोणाचा गिअर खाल्ला गेला आहे, कोणाची बॅटरी फुगली आहे, कोणाचे चाक जाम झाले आहे. ही पत्रे एकत्र वाचली, तेव्हा असे लक्षात आले की देखभालीच्या म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ट्रकचे नाव नीट न वाचण्यात आहे. ट्रकचा आकार, मोटर, बॅटरी आणि पिढी यांची माहिती नावात असते आणि कोणता भाग बसेल, कोणते तेल लागेल, किती व्होल्ट सोसतील हे त्या माहितीवरच ठरते. म्हणून पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे.

प्रश्न: माझा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला आरसी ट्रक हवा आहे. त्याने दिलेल्या यादीत टी६.१, २२टी ४.०, स्लॅश व्हीएक्सएल, क्रॅटन ६एस आणि रेव्हो ३.३ अशी नावे आहेत. आकडा जितका मोठा तितका ट्रक नवा किंवा चांगला असे समजावे काय? आमच्याकडे चालवायला मुरमाचा मोकळा प्लॉट आहे.
– एक पालक, धरमपेठ

उत्तर: तसे समजू नये, कारण या यादीत आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट सांगतो आहे आणि एका नावात तर आकडाच नाही.

टीम असोसिएटेड या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये आरसी१० ही बग्गी बाजारात आणली. त्यातला १० हा आकडा १:१० या प्रमाणाचा होता, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराचा. पुढे त्याच घराण्यात बग्गीला बी, ट्रकला टी आणि शॉर्ट कोर्स ट्रकला एससी अशी अक्षरे लागत गेली. टी४, टी५एम, टी६.१ या नावांत टी म्हणजे ट्रक, त्यापुढचा आकडा म्हणजे आराखड्याची पिढी आणि दशांशानंतरचा आकडा म्हणजे त्याच पिढीत केलेली सुधारणा. टी५एम मधला एम असे सांगतो की मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे नसून पुढे, गाडीच्या मध्याकडे बसवलेली आहे. टीम लोसी रेसिंगच्या २२टी ४.० मध्ये २२ हे मालिकेचे नाव आहे, टी ट्रकचा आहे आणि ४.० ही त्या ट्रकची आवृत्ती आहे. ट्रॅक्ससच्या रेव्हो ३.३ मधला आकडा आवृत्तीचा नाही. तो नायट्रो इंधनावर चालणाऱ्या इंजिनाची क्षमता ३.३ सीसी असल्याचे सांगतो. आर्माच्या क्रॅटन ६एस मधला ६ हा आकडा बॅटरीतील एकापुढे एक जोडलेल्या सेलची संख्या आहे. त्यामुळे ३.३, ४.० आणि ६.१ हे आकडे एका ओळीत मांडून त्यांतला लहान कोणता आणि मोठा कोणता हे ठरवण्यात काहीच अर्थ नाही.

क्रॅटनचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. क्रॅटन ४एस, ६एस आणि ८एस हे एकाच ट्रकचे कमी-जास्त ताकदीचे प्रकार असावेत असा नाव ऐकून समज होतो. प्रत्यक्षात ते अनुक्रमे १:१०, १:८ आणि १:५ या प्रमाणांचे तीन वेगळे ट्रक आहेत आणि एकाचे आर्म (चाक धरणारे हात) किंवा शॉक (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या) दुसऱ्याला बसत नाहीत. शिवाय या नावांपुढे व्ही३, व्ही५ अशा आवृत्त्याही असतात. सुटा भाग मागवताना ती आवृत्ती सांगितली नाही, तर घरी आलेला भाग बसेलच याची शाश्वती नसते.

स्लॅशपुढचे व्हीएक्सएल ही अक्षरे ब्रशलेस, म्हणजे घासणारे ब्रश नसलेली, मोटर आणि तिच्या कंट्रोलरची, म्हणजे वेग-नियंत्रकाची आहेत, तर एक्सएल-५ हा ब्रश असलेल्या मोटरचा कंट्रोलर आहे. ‘आरटीआर’ लिहिलेले असेल, तर ट्रक जोडून, रिमोटसह तयार मिळतो. ‘किट’ लिहिलेले असेल, तर तो सुट्या भागांत येतो आणि मोटर, कंट्रोलर, सर्वो (चाके वळवणारी छोटी मोटर), रिमोट आणि बहुतेक वेळा टायरसुद्धा आपल्याला वेगळे घ्यावे लागतात. टी६.१ आणि २२टी ४.० हे शर्यतीसाठी किट म्हणून विकले गेलेले ट्रक आहेत, त्यामुळे यादीतल्या किमतींची तुलना करताना हा फरक आधी पाहावा. टी हे अक्षरही सर्वत्र ट्रकचेच असते असे नाही. मोटरवर १२टी लिहिले असेल, तर ते तारेच्या वेढ्यांविषयी असते आणि पिनियनवर, म्हणजे मोटरच्या लहान गिअरवर २०टी लिहिले असेल, तर ते दात्यांविषयी असते.

आता ट्रकच्या जातींविषयी. स्टेडियम ट्रक १:१० चा, दोन चाकांना जोर मिळणारा, उघड्या आणि मोठ्या चाकांचा असतो. शॉर्ट कोर्स ट्रकची बॉडी चाकांवरून खाली येते आणि शर्यतीत एकमेकांना घासल्यावर चाके अडकत नाहीत. ट्रगी म्हणजे साधारणपणे १:८ बग्गीच्याच चेसिसवर लांब आर्म आणि ट्रकचे टायर चढवलेली गाडी. मुगेन कंपनीच्या एमबीएक्स८टी या नावातला टी तिचाच आहे आणि त्यापुढे ‘इको’ आले की ती बॅटरीवर चालणारी ट्रगी आहे असे समजावे. मॉन्स्टर ट्रक उंच असतो, उड्यांसाठी चांगला आणि वळणावर उलटणारा. चाक ज्या षट्कोनी हेक्सवर बसते, तो १:१० मध्ये बहुतेक १२ मिलिमीटरचा आणि १:८ मध्ये १७ मिलिमीटरचा असतो. टायर घेताना हा एकच आकडा विचारला, तरी पैसे वाया जाण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

आपल्या प्रश्नातल्या मुरमाच्या प्लॉटसाठी आमचे मत असे आहे की पहिला ट्रक दोन चाकांच्या जोराचा शॉर्ट कोर्स, ब्रशच्या मोटरचा आणि आरटीआर असावा. सुट्या मुरमावर मागच्या चाकांवर वजन लागते आणि ते मागे मोटर असलेल्या ट्रकमध्ये आपोआप मिळते. मध्यभागी मोटर असलेले नवे शर्यती ट्रक घट्ट, पकड देणाऱ्या ट्रॅकसाठी उत्तम आहेत, पण ओसाड प्लॉटवर ते नवशिक्याच्या हातात गोल फिरत राहतात. रेव्हो ३.३ सारखा नायट्रो ट्रक पहिला म्हणून मुळीच घेऊ नये. इंधन मिळवण्यापासून कार्ब्युरेटर जुळवण्यापर्यंतचा त्रास सांभाळताना मुलगा चालवायला शिकणारच नाही.

प्रश्न: मी जुना स्लॅश विकत घेतला. मोठा गिअर झिजला होता म्हणून ‘स्लॅशचा स्पर गिअर’ असे सांगून नवा मागवला. तो बसला, पण चालवल्याबरोबर कर्कश आवाज आला आणि थोड्याच वेळात दाते सपाट झाले. दुकानदार म्हणतो की नाव एकच असल्यामुळे भागही एकच असतो.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: आपल्या दुकानदाराचे म्हणणे बरोबर नाही. ट्रॅक्ससने २००८ मध्ये आणलेला स्लॅश दोन चाकांच्या जोराचा होता. चारही चाकांना जोर देणारा स्लॅश ४×४ नंतर आला आणि त्याची चेसिस व गिअरची मांडणी निराळी आहे. दोन चाकांच्या स्लॅशचे स्पर आणि पिनियन ४८ पिचचे असतात, तर ४×४ चे ०.८ मेट्रिक पिचचे, म्हणजे ३२ पिचशी जुळणारे असतात. पिचचा आकडा लहान झाला की दाता जाड होतो. जाड दात्याचा गिअर बारीक दात्याच्या पिनियनशी लावला, तर तो हाताने फिरवल्यावर फिरतोही, पण मोटरचा जोर येताच टोकांवर घासून प्लास्टिकचा भुगा होतो. आपण वर्णन केलेला आवाज नेमका त्याचाच आहे.

दुसऱ्याकडून घेतलेल्या ट्रकच्या बाबतीत बॉडीवर छापलेल्या नावावर विसंबून राहू नये. या बॉड्या पातळ पॉलिकार्बोनेटच्या असतात, चार क्लिपांवर बसतात आणि हौशी लोक त्या सर्रास बदलतात. ट्रक उलटा करून पाहावा. पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट आहेत की नाहीत, यावरून दोन चाकांचा की चार हे लगेच कळते. खोका किंवा पुस्तिका मिळाली, तर मॉडेल क्रमांक पाहावा. दोन चाकांच्या स्लॅशचे क्रमांक ५८ ने आणि ४×४ चे ६८ ने सुरू होतात. जुन्या स्पर गिअरवर दात्यांची संख्या आणि बहुतेक वेळा पिचही उठावदार अक्षरांत असते. झिजलेला गिअर म्हणूनच फेकू नये, नवा येईपर्यंत जपून ठेवावा.

योग्य पिचचा गिअर आल्यावर पिनियनशी त्याचे अंतर असे जुळवावे. वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून ती दोन्ही गिअरच्या दात्यांमध्ये फिरवून घ्यावी, मोटर स्परकडे दाबून धरावी आणि तशीच दाबलेली असताना तिचे स्क्रू आवळावेत. मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर पंख्यासारख्या नीट घड्या पडलेल्या असाव्यात, पण ती फाटलेली नसावी. फाटली असेल, तर गिअर फार जवळ आहेत. घड्या पुसट असतील, तर ते लांब आहेत. स्पर एका ठिकाणी किंचित वाकडा असू शकतो, म्हणून त्याचा पूर्ण फेरा होईपर्यंत तीन-चार ठिकाणी तपासावे.

नाव वाचण्याचा उपयोग हत्यारे घेतानाही होतो. असोसिएटेडचे आरसी१० पासून टी४ पर्यंतचे ट्रक इंची मापाच्या स्क्रूंचे होते आणि टी५एम पासून ते मेट्रिक झाले. इंची स्क्रूत जवळपासची मेट्रिक एलन की घातली, तर ती पहिल्या वेळी बसल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या वेळी स्क्रूचे डोके गोल करून टाकते. इतवारीतल्या लोहा ओळीत दोन्ही मापांच्या चाव्या विचारून पाहाव्यात. स्वस्त चाव्यांच्या मोठ्या संचापेक्षा आपल्या ट्रकला लागणाऱ्या दोन-तीन मापांच्या चांगल्या, कठीण पोलादाच्या चाव्या घ्याव्यात.

प्रश्न: मे महिन्यात ट्रक चालवल्यानंतर माझी २एस लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगली. बॅटरी नवी होती. नवतपात ट्रक चालवूच नये काय?
– एक विद्यार्थिनी, जरीपटका

उत्तर: नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, भर दुपारी चालवू नये. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर चालवायला हरकत नाही. मात्र बॅटरी फुगण्यामागे केवळ ऊन असते असे नाही. तिच्यावरचे आकडे आधी समजून घ्यावेत. लिपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो, म्हणून २एस बॅटरी ७.४ व्होल्टची आणि ३एस ११.१ व्होल्टची असते. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडू लागतो. हा खालचा उंबरठा ओलांडला जाऊ नये म्हणून कंट्रोलरमध्ये कमी दाबाचे संरक्षण असते, पण ते चालू असावे लागते. एक्सएल-५ कंट्रोलरमध्ये स्विच सुरू केल्यावर दिवा हिरवा असेल, तर संरक्षण चालू आहे आणि लाल असेल, तर ते बंद आहे. लाल दिव्यावर लिपो चालवली, तर ट्रक मंद होईपर्यंत बॅटरी पिळली जाते. आपल्या पत्रात दिव्याचा उल्लेख नाही, तेव्हा तो सर्वांत आधी पाहावा.

उष्णतेचा भाग असा की ट्रक थांबवल्यावर बॅटरी ६० अंश सेल्सियसपेक्षा गरम असता कामा नये आणि ब्रशलेस मोटर ८० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा या मर्यादा फार जवळ आलेल्या असतात. उन्हाळ्यापुरता पिनियन एक किंवा दोन दात्यांनी लहान लावावा. त्यामुळे वरचा वेग थोडा कमी होतो, पण मोटरला आणि तिच्यामागे बॅटरीला बराच आराम मिळतो. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, ती हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेइतकाच ठेवावा, म्हणजे ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरवर चार्ज करावी. चार्जिंग फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून दूर आणि कोणीतरी जागे व जवळ असतानाच करावे. दुचाकीच्या डिक्कीत बॅटरी ठेवून गाडी उन्हात उभी करणे ही सर्वांत वाईट सवय आहे आणि ती फार जणांना असते. दोन-तीन दिवस ट्रक चालणार नसेल, तर चार्जरवरील साठवणुकीच्या पर्यायाने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा, कारण पूर्ण भरलेली बॅटरी गरम खोलीत पडून राहिली, तर न वापरताही फुगते.

फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, दाबू नये, टोचू नये आणि घंटागाडीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून द्यायच्या असतात. कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळून ती ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

प्रश्न: पहिल्या पावसानंतर आम्ही शेताच्या धुऱ्यावर ट्रक चालवला. काळी माती सगळीकडे भरली. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असल्यामुळे गाड्या धुण्याच्या केंद्रावर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतला. आता दोन चाके फिरताना खरखरतात आणि मागचा डिफरेन्शियल जड झाला आहे.
– दोघे भाऊ, कळमेश्वर

उत्तर: ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कंट्रोलर, सर्वो आणि रिसीव्हरच्या डबीपुरता असतो. बेअरिंग, डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) आणि मोटरचे बुश यांना तो लागू नाही. फवाऱ्याच्या दाबाने पाणी आणि बारीक माती बेअरिंगच्या झाकणाखाली आणि डिफरेन्शियलच्या सीलमधून आत गेली आहे आणि तीच आता खरखरते आहे.

आपल्याकडे दोन प्रकारच्या मातीशी गाठ पडते आणि दोन्हींची सफाई वेगळी असते. मुरमाची धूळ कोरडी आणि टोकदार असते. ती ओली करू नये, रंगकामाच्या मऊ ब्रशने झटकावी. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा मारायची असेल, तर नळी हातभर दूर धरावी आणि बेअरिंगकडे रोखू नये. काळी माती याच्या उलट वागते. ओली असताना ती फुगते आणि चिकटते, वाळली की दगडासारखी होते, आणि तेव्हा ती खरवडताना आर्म आणि शॉकचे दांडे ओरखडले जातात. म्हणून ती जागेवरच, ओली असताना काढावी. बांबूच्या काडीने किंवा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने जाड थर काढावा आणि घरी आल्यावर मगने, दाब नसलेल्या पाण्याने उरलेली माती वाहून जाऊ द्यावी. त्याआधी बॅटरी बाहेर काढलेली असावी.

यानंतर चारही चाके काढावीत. चाकाचा नट आणि चाक निघाल्यावर हेक्स बाहेर ओढताना त्यामागे अ‍ॅक्सलमधून आरपार गेलेली एक बारीक पिन असते. ती न कळत गवतात पडते आणि ती नसेल, तर चाक जागच्या जागी फिरते व ट्रक हलत नाही. हे काम नेहमी ताटात किंवा पांढऱ्या कापडावर करावे. टायरच्या आत स्पंज असतो आणि रिमला किंवा टायरला बारीक छिद्रे असतात. चाक हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते पाहावे आणि छिद्र खाली करून ते रात्रभर निथळू द्यावे.

बेअरिंग चाकामागच्या हबमधून बाहेर काढून एक-एक तपासावे. स्लॅशसारख्या ट्रकमध्ये चाकांत ५×११×४ मिलिमीटरची बेअरिंग असतात आणि ही मापे अनुक्रमे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी वाचायची असतात. बेअरिंगची रबरी पाळी टाचणीच्या टोकाने कडेपासून अलगद उचलता येते. आतली माती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, बेअरिंग बोटावर फिरवत पुन्हा धुवावे आणि पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकून पाळी बसवावी. धुऊनही खरखर राहिली, तर आतल्या गोळ्यांवर गंज चढलेला आहे आणि ते बेअरिंग बदलण्याला पर्याय नाही. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, रबरी पाळ्या फुगतात. पाणी पळवण्याचा स्प्रे पाणी काढण्यापुरता ठीक आहे, पण तो वंगण नाही. त्यानंतर तेल द्यावेच लागते. धुतलेला ट्रक कूलरच्या हवेत वाळत ठेवू नये. ती हवा ओलसर असते आणि बेअरिंग रात्रीतून गंज धरतात.

तेल कोठे देऊ नये हेही सांगणे आवश्यक आहे. सस्पेन्शनचे आर्म ज्या पिनांवर हलतात, त्या पिना कोरड्याच ठेवाव्यात. तेथे तेल दिले, तर मुरमाची धूळ त्यात कालवली जाऊन भोके घासत मोठी होतात. शॉक सोडवून आर्म वर उचलला आणि सोडला की तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल, तर पिन वाकलेली आहे किंवा भोकात माती आहे.

डिफरेन्शियल उघडावाच लागेल. आपला गिअर डिफरेन्शियल असेल, तर आतले जुने सिलिकॉन तेल पुसून, गिअर धुऊन, पुस्तिकेत दिलेल्या दाटपणाचेच नवे तेल आडव्या पिनेपर्यंत भरावे आणि कागदी सील फाटला असेल, तर बदलावा. बॉल डिफरेन्शियल असेल, तर काम अधिक नाजूक आहे. त्याच्या गोळ्यांना स्वच्छ सिलिकॉन ग्रीस आणि थ्रस्ट बेअरिंगला काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस लागते आणि ही दोन ग्रीस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पुन्हा जोडताना धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारे द्रव) लावावे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते कधीही लावू नये, प्लास्टिकला तडे जातात.

प्रश्न: उडी मारल्यावर माझा ट्रक तळाला आपटायचा. ओळखीच्या मेकॅनिकने शॉकमध्ये मोटारसायकलच्या फोर्कचे तेल भरून दिले. काही दिवस बरे चालले, आता सर्व शॉक गळतात.
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर: या शॉकमध्ये सिलिकॉन तेल लागते. फोर्कचे तेल खनिज असते, त्याने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, दांड्यावर घट्ट बसतात आणि मग फाटतात. आता शॉक पूर्ण उघडून साबणाच्या पाण्याने धुवावेत, ओ-रिंग बदलाव्यात आणि सिलिकॉन तेल भरावे.

तेलाच्या बाटलीवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि येथेही वाचताना चूक होते. ‘डब्ल्यूटी’ हा आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो, तर ‘सीएसटी’ हे मोजलेल्या दाटपणाचे (श्यानतेचे) माप आहे. असोसिएटेडचे ३० डब्ल्यूटी ३५० सीएसटीचे आणि ४० डब्ल्यूटी ५०० सीएसटीचे असते. दुसऱ्या कंपनीचे ३० डब्ल्यूटी नेमके तेवढेच असेल असे नाही, म्हणून नेहमी सीएसटी पाहून घ्यावे. स्लॅशला मूळचे ३० डब्ल्यूटी असते. नागपूरच्या उन्हाळ्यात तेल पातळ होते, म्हणून ३५ किंवा ४० वापरावे आणि डिसेंबर-जानेवारीत पुन्हा ३० वर यावे. ५००० किंवा १०,००० सीएसटी लिहिलेली बाटली डिफरेन्शियलची आहे. ते तेल शॉकमध्ये घातले, तर शॉक हलणारच नाही.

भरताना दांडा पूर्ण खाली ओढावा, नळी काठापर्यंत भरावी आणि पिस्टन तेलाबाहेर येऊ न देता सावकाश वर-खाली करावा. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे वर येतात. ते यायचे थांबेपर्यंत शॉक उभा ठेवून द्यावा, घाई करू नये. मग दांडा थोडा वर ढकलून, काठावरून तेल सांडत असतानाच झाकण लावावे. झाकण लावल्यावर दांडा दाबताना फुसफुस ऐकू आली, तर आत हवा राहिली आहे आणि सर्व पुन्हा करावे लागेल. डावे आणि उजवे शॉक सारख्याच जोराने परत येतात का, हे दोन्ही हातांत धरून एकाच वेळी दाबून पाहावे. स्प्रिंगवरची कडी खाली फिरवल्याने ट्रक उंच होतो, स्प्रिंग कडक होत नाही. तळाला आपटण्यावर तो उपाय समजून बरेच जण कडी फिरवत बसतात. त्यासाठी तेल घट्ट करावे किंवा वेगळी स्प्रिंग घालावी.

प्रश्न: वडिलांनी पूर्वी परदेशातून आणलेला तामियाचा ब्लॅकफूट ट्रक माळ्यावर सापडला. चालू करता येईल काय? बाजारात याच नावाचा नवा ट्रकही दिसतो.
– एक वाचक, कामठी

उत्तर: चालू करता येईल आणि तो जपण्याजोगाही आहे. तामिया या जपानी कंपनीच्या खोक्यावर नावाबरोबर पाच आकडी क्रमांक असतो आणि ओळख त्यावरूनच पटवावी. १९८६ च्या मूळ ब्लॅकफूटचा क्रमांक ५८०५८ आहे आणि २०१६ मध्ये पुन्हा काढलेल्या ब्लॅकफूटचा ५८६३३ आहे. खोका नसेल, तर वेग कशाने बदलतो ते पाहावे. मूळ ट्रकमध्ये सर्वोने सरकणारा यांत्रिक वेग-नियंत्रक आणि त्याचा तापणारा रेझिस्टर असतो, तर नव्यात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. नव्याचे बरेच भाग उपयोगी पडू शकतील, पण सर्वच जुळतील असे धरून चालू नये. दोन्हींची सुट्या भागांची चित्रे शेजारी ठेवून भाग मागवावेत.

मूळ बॅटरी सहा निकेल-कॅडमियम सेलची, ७.२ व्होल्टची असेल आणि ती आता निकामी झालेली असणार. तिच्या जागी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्यावी. लिपो घालू नये, कारण यांत्रिक नियंत्रकात कमी दाबाचे संरक्षण नसते. नियंत्रकाचे तांब्याचे संपर्क काळे पडले असतील, तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलके घासावेत. रिमोट क्रिस्टलचा, २७ मेगाहर्ट्झचा असेल आणि चालत असेल, तर राहू द्यावा. नसेल, तर २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच बसवावा. गिअरपेटीतले वाळलेले ग्रीस काढून नवे भरावे. या ट्रकची बॉडी कठीण प्लास्टिकची आहे, पॉलिकार्बोनेटची नाही. तिला थिनर किंवा पेट्रोल लागू देऊ नये, रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळते. साबणाचे पाणी पुरेसे आहे. टायरना तडे गेले असतील, तर मूळचे काढून ठेवावेत आणि चालवण्यासाठी दुसरे लावावेत.

प्रश्न: मी शिक्षणासाठी पुण्याला जात आहे. ट्रक चार-पाच महिने घरी पडून राहील. कसा ठेवावा?
– एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर: ट्रक धुऊन, वाळवून, चेसिसखाली लाकडी ठोकळा देऊन चाके अधांतरी राहतील असा ठेवावा, म्हणजे टायर एका बाजूला चपटे होत नाहीत आणि शॉकवर भार राहत नाही. बेअरिंगना तेलाचा थेंब द्यावा. स्लिपर क्लचचा (जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणाऱ्या भागाचा) नट किती फेरे सोडला ते चिकटपट्टीवर लिहून तो सैल करावा. परतल्यावर तेवढेच फेरे आवळून, एकदम वेग दिल्यास क्लच फूटभर घसरून मग पकडतो का ते तपासावे. लिपोचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटरी ट्रकबाहेर, धातूच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांनी घरातल्या कोणाला तरी व्होल्टमीटर लावून पाहायला सांगावे. रिमोटमधले साधे सेल काढून ठेवायला विसरू नये. ते पाझरले, तर रिमोटचे संपर्क गंजतात आणि सुट्टीत घरी आल्यावर पहिला दिवस तेच साफ करण्यात जातो.